आफ्रिकेचा बिजा

त्या दिवशी मी हिंगणीला गेलो तो भांडायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला मी फार भला माणूस वाटायला नको. खिशात एक पेन होतं आणि डोक्यात राग होता. पेन कैलास खरादीनं केलेलं, दिवाळीत घेतलेलं. घेतलं तेव्हा पळसाच्या फुलासारखं लालभडक होतं आणि एप्रिल संपता संपता त्याची पार खारीक झाली होती. मी चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर शाईची पेनं हा एकच शौक उरला आहे आणि त्यात कोणी फसवलं की माझं डोकं सरकतं. वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी, बसमध्ये बसून मी कैलासला काय काय सुनवायचं याची उजळणी करत होतो.

कैलास माझा विद्यार्थी. हिंगणीच्या शाळेत नवा नवा लागलो तेव्हा तो आठवीत होता. विज्ञानात कधी धड पास झाला नाही, पण कंपास न लावता फळ्यावर असा गोल काढायचा की गणिताचे मास्तर तो पुसायचे नाहीत. त्याचा बाप नत्थू गावचा खरादी, म्हणजे लाकूड गरगर फिरवत ठेवून पटाशीनं गोल करणारा कारागीर. बाजेचे खूर, लाटणी, पाळण्याचे दांडे आणि तान्हा पोळा जवळ आला की पोरांच्या लाकडी बैलांची चाकं, हे सगळं नत्थूच्या खरादेवर उतरायचं. कैलास शाळा सुटली की तिथेच बसायचा. दहावी नापास झाल्यावर तर उठायचं कारणच राहिलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्याशी माझा हिशेब चुकता व्हायचा आहे. माझं शिक्षण पुण्याचं. वर्गात कोणी 'काऊन' म्हटलं की मी त्याला उभं करायचो. 'काऊन' नाही, 'का' म्हणायचं. कैलासनं एकदा विचारलं होतं, 'सर, पानं हिरवीच काऊन असतात?' चांगला प्रश्न होता, पण मी प्रश्न सोडला आणि शब्द धरला. शंभर वेळा 'का' लिहून आणायला लावलं. त्यानं दुसऱ्या दिवशी आणलं, सुंदर अक्षरात, ओळीत ओळ. उत्तर द्यायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं. त्यानंतर त्यानं मला काही विचारल्याचं आठवत नाही. मी सांगायचं आणि त्यानं मान हलवायची, असं आमचं जे ठरलं ते तो पन्नाशीला आला तरी तसंच राहिलं.

मधल्या काळात खरादीचं काम बसलं. बाजा गेल्या, प्लायवुडचे पलंग आले, बैलांची चाकंसुद्धा प्लास्टिकची झाली. मी निवृत्त होऊन एक जुनं फुटकं पेन घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा तो कुदळी-फावड्यांचे दांडे करत होता. त्यानं निब आणि निबेला शाई पुरवणारी जीभ तेवढी ठेवली, बाकी अंग शिसवाच्या तुकड्यातून नवं उतरवून दिलं. मी ते वर्ध्यात मिरवलं. आणखी चौघांनी मागितलं. मग पुण्याचा एक पेनवाला त्याला शोधत आला आणि कैलासचे दिवस पालटले.

लाकूड मिळालं ते असं. नागपूरच्या एका वखारीत मोठ्या बंगल्यांच्या दारांसाठी आफ्रिकेतून ओंडके येतात. ते चिरल्यावर उरणारे तुकडे दारवाल्यांना नकोत, सरपणवाल्यांनाही नकोत, कारण कुऱ्हाड लागत नाही इतकं टणक. कैलासनं एक पोतं भरून आणलं. नावं त्याला बोलता येत नव्हती, म्हणून त्यानं आपली ठेवली. काळ्या वेंगेला तो काळू म्हणायचा. पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडाला वाघ्या. आणि पडौक म्हणतात ते लालभडक लाकूड होतं, त्याला नुसतं लाल्या.

या लाकडाचं पेन करणं म्हणजे जीव मुठीत धरणं. आधी हातभर नाही, वीतभर कांडी चौकोनी कापायची. मग तिच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत भोक पाडायचं. जरा इकडेतिकडे झालं की कांडी फुटली. मग पितळी नळी बसवून खरादेवर चढवायची आणि पटाशी लावायची. कैलास त्या वेळी डोळे मिटून घ्यायचा. पटाशीचा आवाज बदलला की हात मागे, अंगठा लाकडावर फिरवला की पुन्हा पुढे. लाल्याचा भुसा गुलालासारखा उडायचा आणि सगळं अंगण, दोरीवरची धुणी, पाण्याचा माठ तांबडा व्हायचा. त्याची बायको छाया रोज तो भुसा अनवाणीच झाडून काढायची. तिच्या भांगात कुंकू कोणतं आणि भुसा कोणता हे कळत नाही, असं मी एकदा थट्टेनं म्हटलं होतं. ती हसली होती.

छायाला सहा वर्षांपासून शुगर. आमच्या भागात शुगरवाल्या माणसाला बिजाच्या लाकडाचा गिलास आणून देतात. पुण्याकडे त्या झाडाला बिबळा म्हणतात. रात्री गिलासात पाणी भरून ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. लाकडाचा रंग पाण्यात उतरतो, तेच औषध. काही महिन्यांनी रंग उतरायचा थांबला की गिलास संपला म्हणतात आणि नवा आणतात. खरंखोटं डॉक्टरांनी सांगावं. मी नुसतं चालतं ते सांगतो. पण आता बिजा मिळणं कठीण. जवळच्या बोर अभयारण्यात आहे, पण त्याला हात लावला की वनखातं हात धरतं, आणि कैलास भित्रा माणूस. छाया त्याला येताजाता टोचायची की खरादीची बायको आणि स्टीलच्या गिलासात पाणी पिते. तो मान खाली घालून खराद फिरवायचा.

दिवाळीत मी माझं लाल पेन घ्यायला गेलो होतो. कैलासनं ते फडक्यात गुंडाळून हातात दिलं आणि म्हणाला की वखारवाले या लाकडाला पडौक म्हणतात. एवढंच. त्यानं काही विचारलं नव्हतं. पण मी आदल्या दिवशी पुस्तक काढून वाचून गेलो होतो आणि वाचलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही.

"अरे, हे परकं लाकूड नाही," मी म्हणालो. "आपल्या बिजाचंच कुळ. टेरोकार्पस. आफ्रिकेचा बिजाच म्हण ना."

छाया चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली, कपबशी हातात धरून. तिला माझ्या ज्ञानाचं कौतुक वाटलं असं मी समजलो. खूश होऊन मी एक कप जास्त चहा प्यालो.

आणि आता, सहा महिन्यांनी, मी रंग उडालेलं पेन घेऊन भांडायला आलो होतो. फाटकातून पाहिलं तर कैलास खरादेवर होता. पेन करत नव्हता. मोठा ठोकळा चढवला होता, लाल्याचा, आणि त्याचं पोट कोरत होता. डोळे मिटलेले नव्हते. पटाशी दर थोड्या वेळानं अडकत होती. त्याच्या हातून असं काम होताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, हे काय चाललंय.

"गिलास, सर," तो म्हणाला. "छायासाठी. पयला संपला. तुमच्या आफ्रिकेच्या बिजाचा."

मला क्षणभर कळलंच नाही. मग दिवाळीतलं माझंच वाक्य आठवलं.

त्यानं सगळं सांगितलं, अभिमानानं सुरुवात करून आणि शेवटी शेवटी माझ्याकडे न बघता. मी गेलो त्याच दिवशी त्यानं दोन गिलास उतरवले होते. एक छायाला, एक शेजारच्या आनंदाबाईंना, कारण त्यांनाही शुगर. छाया दोन महिने गोळ्याही घेत होती आणि गिलासातलं पाणीही पीत होती. संक्रांतीला शुगर तपासली तर चांगली निघाली. ते श्रेय गोळ्यांचं की गिलासाचं, हे या घरात कोणी कोणाला विचारलं नाही. तिनं गोळ्या सोडल्या. मुलगी अंकिता आंजी गावात दिलेली, ती फोनवर विचारायची तेव्हा छाया गोळ्या घेते म्हणून सांगायची. दिवसागणिक गिलासाचा लाल रंग उतरत चालला, तपकिरी झाला, आणि दोघं नवराबायको समाधानानं बघत राहिले की औषध अंगात चाललंय. होळीच्या सुमारास भुसा झाडताना वेंगेची सुईएवढी ढलपी तिच्या पायात रुतली. शुगरनं पाय बधिर झालेले, तिला पत्ता लागला नाही. पाय सुजला तेव्हा हळद लावली. अंगठा काळा पडला तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं की गिलास संपला, दुसरा कर.

मी आत गेलो. तो वास मी इथे लिहीत नाही. छाया बाजेवर पडली होती, पाय फडक्यात गुंडाळलेला, अंगात ताप, आणि उशाशी तो तपकिरी गिलास. मी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या ज्ञानाला शिव्या घातल्या. मग बाहेर येऊन कैलासला स्पष्ट सांगितलं की कुळ एक म्हणजे गुण एक नव्हे. भावाची गोळी भावाला चालत नाही, इथे तर समुद्र आडवा आहे. आणि खऱ्या बिजाचा गिलास असता तरी गोळ्या सोडायला कोणी सांगितलं होतं? तिला आत्ता, या क्षणी दवाखान्यात न्यायला पाहिजे.

कैलासनं वाद घातला नाही. खराद बंद केली, अर्धा कोरलेला ठोकळा उतरवला आणि तो हातात घेऊन आत गेला. मी दारात उभा राहिलो. त्यानं तिला सांगितलं की हे औषध नाही, नुसतं लाकूड आहे, दाराचं लाकूड. ऊठ, सेवाग्रामला जाऊ.

"कवा खोटं बोलले?" छायानं विचारलं. "तवा का आता?"

तो म्हणाला, तवा. माझी चूक झाली. ती म्हणाली, नाही. आता बोलून राह्यले. मले नेऊन पाय कापाचा हाये, अंकितेनं सांगतलं असन.

तिच्या भीतीला कारण होतं. तिचा भाऊ रूपराव, त्यालाही शुगर. त्याचं आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग तो गेला. त्याच्या खाटेशी हीच बसून होती. एकदा कापायला लागले की थांबत नाहीत, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो दवाखान्यात उशिरा पोचला होता हे तिला कोणी समजावलं नसेल, किंवा समजावलं असेल आणि तिनं ऐकलं नसेल. तिच्या दृष्टीनं एका बाजूला करवत होती आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्यानं तिच्यासाठी घडवलेला गिलास. तिनं गिलास उचलून पोटाशी धरला.

त्यानंतरचा तासभर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. कैलास तिच्या बाजेशी बसून हात जोडत होता. देवाची शपथ घेतली, अंकितेची घेतली. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मग तो उठला, अंगणात आला, अर्धवट गिलास दगडावर ठेवून त्यावर कुऱ्हाड घातली. कुऱ्हाड उडाली. त्यानं पुन्हा घातली, पुन्हा उडाली. त्या लाकडावर नुसता ओरखडा पडत होता आणि तो रडत घाव घालत होता. मी त्याचा दंड धरला तेव्हा तो मुलासारखा माझ्या अंगावर कोसळला. त्या माणसानं आयुष्यात काही वाकडं केलं नव्हतं. वाकडं झालं तर ते माझ्या तोंडून आलं होतं.

मग मी गेलो. म्हटलं, मास्तर आहे, आपलं ऐकेल. बाजेशी स्टूल ओढून बसलो आणि सुरुवात केली, "छाया, मी सांगतो ते नीट ऐक..."

"तुमीच तं सांगतलं होतं, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट आदर होता.

चौतीस वर्षांत माझ्या शब्दावर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता, आणि तो मला मोडता येईना. मी म्हटलं की मी चुकलो. ती म्हणाली, तुम्ही कसे चुकाल. मी म्हटलं, मी फक्त कुळ सांगितलं होतं. ती म्हणाली, मग बरोबरच आहे. बाहेर कैलास फोनवर अंकितेला निघ म्हणून सांगत होता आणि अंकिता फोनमधून रडत होती, ते आतपर्यंत ऐकू येत होतं. छायानं गिलास माझ्यापुढे धरला. पाहा, म्हणाली, किती लाल होता. सगळा लाल माझ्या अंगात उतरला. हे खोटं आहे का?

मी घाम पुसायला रुमाल काढू लागलो, आणि हात खिशातल्या पेनाला लागला.

मी ज्यासाठी आलो होतो ते पेन. मी ते बाहेर काढलं आणि कैलासला हाक मारून विचारलं की हे कोणत्या तुकड्यातलं. त्यानं बघितलं मात्र आणि म्हणाला, या गिलासाच्याच तुकड्यातलं, सर, गिलास वरचा, पेन खालचं. मी ते छायाच्या हातात दिलं. गिलासाशेजारी धरलं. दोन्ही सारखेच तपकिरी, एकाच आईची लेकरं. मी पेन परत घेतलं, टोपणाचा माथा फिरवून क्लिप काढली आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. क्लिपखाली बोटाच्या पेराएवढी एक पट्टी होती. ती दिवाळीतल्यासारखी लालभडक होती.

तिनं त्या पट्टीवरून नख फिरवलं. पेन उलटंसुलटं केलं. गिलास उचलून बाहेरून पाहिला, आतून पाहिला.

"मंग याचं औषध कोनं पेलं, सर?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "हे माझ्या खिशात होतं. खिडकीत होतं. रंग उजेडानं उडाला."

"काऊन?"

मी तिचा शब्द सुधारला नाही. पेन आणि गिलास शेजारी बघताना मला स्वतःला उमगलं तेच मी तिला सांगितलं. की या लाकडाचा रंगच तसा, उजेड आणि हवा लागली की विटतो, उन्हात लुगडं विटतं तसा. क्लिपखाली उजेड पोचला नाही म्हणून तिथे राहिला. पाण्यात उतरला तो नुसता थोडा भुसा. अंगात काही उतरलं नाही. मी साधं सांगितलं, एकही पुस्तकी शब्द न वापरता.

छायानं गिलास जमिनीवर ठेवला. तिचा चेहरा मी पाहत होतो. त्यावर समजल्याचं समाधान वगैरे काही नव्हतं. पायाखालची जमीन गेलेल्या माणसाचा तो चेहरा होता. सहा महिने ती त्या गिलासाच्या आधारानं उभी होती आणि तो आधार मी काढून घेतला होता. मग ती कैलासला म्हणाली की गाडी बोलवा आणि अंकितेला सांगा, इकडे येऊ नको, दवाखान्यातच ये.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पाय उघडला, किती दिवस गोळ्या बंद आहेत ते विचारलं आणि थोडा वेळ काही लिहीत राहिली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली की महिनाभर आधी आणलं असतं तर कदाचित एका बोटावर भागलं असतं. आता गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर विष रक्तात चाललंच आहे. कैलासला सहीसाठी कागद दिला. त्यानं माझ्याकडे पेन मागितलं. माझ्याकडे दुसरं नव्हतंच. त्यानं ते हातात घेतलं आणि ओळखलं. खरादेवर जो अंगठा केसभर फरक ओळखायचा त्याला टोपण उघडता येईना. छायानं ते त्याच्या हातून घेतलं आणि खाटेवर पडल्या पडल्या स्वतःच सही केली. आत नेताना तिनं त्याला जवळ बोलावलं.

"आनंदामावशीकडचा गिलास घेऊन या," ती म्हणाली. "आजच."

आनंदाबाईंनी गिलास दिला नाही. सत्तरीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. कैलास त्याच संध्याकाळी गेला, दुसऱ्या दिवशी गेला, चौथ्या दिवशी गेला. छायाचा गिलास संपला म्हणून हा माझा न्यायला आला आहे, अशी त्यांची समजूत. त्यांनी तो कुठेतरी लपवून ठेवला आणि नाहीच म्हणून सांगितलं. मी माझं पेन घेऊन गेलो, तर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. लाल काय आणि तपकिरी काय. मला बरं आहे, म्हणाल्या, सरांनीच तर सांगितलं होतं. म्हणजे माझं वाक्य गावात माझ्याआधीच पोचलेलं होतं आणि माझ्यापेक्षा पक्कं बसलं होतं.

कैलास वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायचा. जेवण सुटलं होतं. पुण्याच्या पेनवाल्याचे फोन येत, तो घेत नसे. अंकिता आईपाशी आत असायची, बापाशी बोलत नसे; मी तिला दोष देत नाही. एकदा मी शेजारी बसलो तेव्हा तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "येवढंच इचाराचं होतं, सर, का याचा गिलास चालते का. इचारलं काऊन नाई मी?"

उत्तर मला माहीत होतं. या वेळी ते द्यायचं राहून जाऊ दिलं नाही.

"मी विचारू दिलं नाही, कैलास. आठवीतच बंद केलं. तुझी चूक नाही ती."

त्यानं नेहमीसारखी मान हलवली. पटलं म्हणून की सवयीनं, ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथेच मी हरलो.

तीन आठवड्यांनी छायाला सोडलं. मे महिन्याचं ऊन, आम्ही चौघं रिक्षात. हिंगणीत शिरलं की आधी आनंदाबाईंचं घर लागतं, मग कैलासचं. छायानं रिक्षा थांबवायला सांगितली. कैलास म्हणाला, आधी घरी चल. ती म्हणाली, आधी इथं. त्यानं आणि अंकितेनं तिला धरून ओट्यावर बसवलं. उरलेला पाय तिनं खाली सोडला, लुगडं सारखं केलं.

आनंदाबाई बाहेर आल्या, डोळे किलकिले करून त्यांनी तिला ओळखलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग लगबगीनं आत गेल्या. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, ही रीत. त्या पाणी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो गिलास होता. आम्हा दोघांना जो तीन आठवडे सापडला नव्हता तो, तपकिरी, काठोकाठ भरलेला. स्वतःचं औषध त्यांनी छायासाठी बाहेर काढलं होतं.

"पे वं माय," त्या म्हणाल्या. "रातचं ठेवलेलं हाये. तुले बरं वाटन."

कैलास पुढे सरकला. छायानं त्याला नजरेनंच थांबवलं आणि दोन्ही हातांनी गिलास घेतला. क्षणभर मला वाटलं ती पिते की काय. तिनं तो वाकडा केला आणि पाणी ओट्याखाली मातीत ओतलं, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. मग छायानं त्यांचा हात धरला आणि लुगड्यावरून गुडघ्याखाली नेला, जिथे काही नव्हतं.

आनंदाबाईंचा हात तिथे चाचपडत राहिला. डोळ्यांना दिसत नव्हतं ते हाताला कळलं.

"मी बी हेच पेली, मावशी," छाया म्हणाली. "गोळ्या कुठी हायेत तुमच्या?"

आनंदाबाई आत गेल्या, देवामागून एक पत्र्याचा डबा काढून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आत गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली. छायानं डबा अंकितेकडे दिला. लाकडी गिलास पदराच्या टोकात बांधला. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तहान लागली म्हणाली, स्टीलच्या गिलासात पाणी आणा.

कैलास आत गेला, आनंदाबाईंच्या मांडणीवरचा गिलास घेतला, धुतला, माठातून भरला आणि आणून तिच्या हातात दिला.